लघवीच्या नळीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू आले, पण ताप नाही. प्रतिजैविक द्यावे का?

प्रश्न (जुळे सोलापूर):
अर्धांगवायूमुळे वडील अंथरुणावर असून गेले काही महिने त्यांना लघवीची नळी घातलेली आहे. लघवी गढूळ दिसू लागली म्हणून लॅबच्या माणसाने पिशवीच्या तोटीतूनच नमुना नेला. अहवालात ई. कोलाय हे जंतू, त्यांच्या एक लाखाहून अधिक कॉलनी (वसाहती), आणि बहुतेक गोळ्यांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध लागू पडत नाही) असे आले आहे. ताप नाही, जेवण नेहमीसारखे आहे. तरीही मेरोपेनेम या जोरकस प्रतिजैविकाची इंजेक्शने घरीच सुरू करावीत, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १ (सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करतो):
माझ्या मते हा आग्रह मानू नये. नळी घातल्यावर दर दिवसागणिक साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू शिरतात आणि महिनाभरात ते जवळपास प्रत्येकाच्या लघवीत असतात. म्हणून केवळ कॉलन्यांच्या आकड्यावरून, गढूळपणावरून किंवा वासावरून औषध सुरू करत नाहीत. नळीच्या आतून जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यात प्रतिजैविक नीट पोहोचत नाही, आणि मग औषधाला दाद न देणारे तेवढे जंतू मागे उरतात. तुमच्या अहवालातले ते 'आर' बहुधा अशाच आधीच्या कोर्सेसची देणगी असावी. शिवाय पिशवीत साचलेल्या लघवीचे कल्चर मुळात ग्राह्यच धरू नये.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणे, रक्तदाब उतरणे, दुसरे कारण न सापडता अचानक आलेली ग्लानी, यांपैकी काही दिसले तर मात्र उपचार हवेतच. तेव्हा नळी दोन आठवड्यांहून जुनी असल्यास आधी ती बदलावी आणि नव्या नळीतून नमुना घ्यावा. लवकर उतार पडला तर सहसा ७ दिवस पुरतात, नाहीतर १० ते १४. नायट्रोफ्युरँटॉइन ही लघवीच्या संसर्गावरची गोळी तापात उपयोगी नाही, कारण ते रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशीजालात पुरेसे पोहोचत नाही.

प्रतिसाद २:
सासऱ्यांची नळी आम्ही घरीच सांभाळतो. कूस बदलताना पिशवी गादीवर ठेवली जाते आणि लघवी उलटी वर चढते. त्याआधी ती रिकामी करावी, एरवीही मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता अडकवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले तरी लघवी गडद होते. नळीची गरज अजून आहे का, हेही युरॉलॉजिस्टना विचारावे. पुरुषांना काही वेळा बाहेरून लावायची कंडोम नळी चालते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. रात्री ताप आलाच तर सकाळपर्यंत थांबावे का?

प्रतिसाद १:
थांबू नये. सिव्हिल किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे, हा अहवाल व क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाच्या रक्ततपासणीचा) आकडा सोबत ठेवावा, आणि पहिल्या इंजेक्शनआधी रक्ताचे कल्चर घेण्याची विनंती करावी.