४.३२ अब्ज हे पृथ्वीचे वय कोणी सांगितले?

कातळवाट (धागाकर्ता) :

एक चित्रसंदेश गेली काही वर्षे सतत फिरत असतो. त्यात एका बाजूला शास्त्रज्ञांनी काढलेले पृथ्वीचे वय ४.५४ अब्ज वर्षे, दुसऱ्या बाजूला पुराणांतले ४.३२ अब्ज वर्षे, आणि खाली ‘आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते’ असा शेरा असतो. माझे म्हणणे असे की ही तुलनाच मुळात चुकीची आहे, आणि ती चुकीची ठरवायला विज्ञानाकडे जाण्याचीही गरज नाही. परंपरेचा स्वतःचा हिशेब पुरेसा आहे.

४,३२,००,००,००० वर्षे ही एका कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची पूर्ण लांबी आहे. ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग आणि अशी एक हजार महायुगे, हा तो गुणाकार. परंतु चालू कल्प अजून संपलेला नाही. कोणत्याही पूजेला बसताना आपण संकल्पात काय म्हणतो? श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के, कलियुगे, प्रथमचरणे. म्हणजे कल्पाच्या चौदा मन्वंतरांपैकी (एका मनूच्या काळापैकी) सातवे चालू आहे आणि त्यातल्या एकाहत्तर महायुगांपैकी अठ्ठाविसावे. सरलेली सहा मन्वंतरे, त्यांचे सात संधिकाल (मन्वंतरांना जोडणारे काळ), सातव्यातली सत्तावीस महायुगे, मग कृत, त्रेता, द्वापर आणि शके १९४७ पर्यंतची कलियुगाची ५१२६ वर्षे अशी बेरीज केली की १,९७,२९,४९,१२६ हा आकडा येतो. सृष्टी घडवण्यात गेलेली १,७०,६४,००० वर्षे सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ वजा करतो, त्यामुळे काही पंचांगांच्या पहिल्या पानांवर १,९५,५८,८५,१२६ असा गताब्द (सरलेल्या वर्षांचा आकडा) छापलेला दिसतो. थोडक्यात, परंपरेने मोजलेला गतकाळ दोन अब्जांच्याही आतला आहे आणि विज्ञानाचा साडेचार अब्जांचा. जुळणी दाखवायची म्हणून न उगवलेल्या काळासह अख्खा दिवस मोजायचा, हा प्रकार मला परंपरेचाच अपमान वाटतो.

शुक्लपक्ष :

आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला सूर मला मान्य नाही. ज्या काळात युरोपात सृष्टी सहा हजार वर्षांची मानली जात होती, त्याच्याही कितीतरी आधी येथे अब्जांमध्ये विचार होत होता, ही गोष्ट लहान नाही. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० सालच्या ‘कॉसमॉस’मध्ये लिहिलेच आहे की आधुनिक विश्वशास्त्राच्या कालमानाशी ज्याचे कालमान जुळते असा हिंदू हा एकच धर्म आहे. आकडा दुप्पट-अडीचपट चुकला असेल, पण सहा हजार आणि साडेचार अब्ज यांत जेवढे अंतर आहे त्यापुढे हे अंतर क्षुल्लक ठरते.

पाचूबंदर :

मी वसईचा ख्रिस्ती आहे, म्हणून ‘सहा हजार वर्षां’वर दोन शब्द. ही गणना सर्वाधिक प्रसिद्ध केली ती आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी, १६५० मध्ये. बायबलमधील वंशावळी आणि राजांच्या कारकिर्दी जोडत ते इ. स. पू. ४००४ या वर्षापर्यंत पोचले. काम अत्यंत कसोशीचे होते, फक्त वंशावळींतून खडकांचे वय निघत नाही. कॅथलिक चर्चने हा आकडा श्रद्धेचा विषय केलेला नाही. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या अब्जावधी वर्षांच्या वयाचा उल्लेख स्वतःच्या भाषणात अनुकूलपणे केला होता. आज सहा हजारांचा हट्ट धरतात ते प्रामुख्याने अमेरिकेतले काही प्रोटेस्टंट पंथ. त्यांच्याशी तुलना करून आपण उजवे ठरतो यात फारसे भूषण नाही, हे शुक्लपक्ष यांनी लक्षात घ्यावे.

आणि सेगन यांच्या त्या वाक्यात ‘जुळते’ याच्या आधी ‘निःसंशय योगायोगाने’ असे शब्द आहेत. संदेश फिरवणारे नेमके तेवढे गाळतात.

लोणारकाठ :

विज्ञानाच्या आकड्यांचे इतके कौतुक चालले आहे म्हणून आमच्या बुलडाणा जिल्ह्यातले एक उदाहरण देतो. लोणारचे विवर अशनीपातामुळे झाले आणि त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे, असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकले आणि माहितीफलकांवर वाचले. २०११ मध्ये खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीने तेच वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. अकरा पटींचा फरक! त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८६२ मध्ये पृथ्वीचे वय २ ते ४० कोटी वर्षे सांगितले होते, १८९७ मध्ये ते २ ते ४ कोटींवर आणले, आणि आज आपण ४५४ कोटी म्हणतो. उद्या हाही आकडा बदलणार नाही याची हमी कोण देणार? पंचांगाचा गताब्द निदान दरवर्षी एकानेच वाढतो.

कातळवाट :

लोणारकाठ यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला सविस्तर उत्तर देणे आवश्यक आहे, कारण ‘विज्ञान बदलते’ हे वाक्य खरे असूनही त्याचा उपयोग बहुधा चुकीचा केला जातो.

केल्विन यांच्याकडे खडकात दडलेले घड्याळ नव्हते. पृथ्वी तप्त गोळा म्हणून जन्मली आणि केवळ उष्णतेच्या वहनाने निवत गेली असे धरून त्यांनी गणित मांडले. त्यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले की पृथ्वीच्या पोटात पदार्थाचे अभिसरण होत असेल तर हे वय कितीतरी पटींनी वाढते. १८९६ मध्ये किरणोत्साराचा शोध लागला आणि त्यानंतर वय मोजण्याची रीतच पालटली. आकडा बदलला तो कोणाच्या लहरीने नव्हे. कोणते गृहीतक कोसळले हे बोट ठेवून दाखवता येते.

ही नवी रीत जवळून पाहण्यासारखी आहे. झिर्कॉन नावाचा एक खनिज स्फटिक असतो, बऱ्याचदा वाळूच्या कणाएवढाच. तो घडताना आपल्या जाळीत युरेनियमला जागा देतो, शिशाला जवळजवळ देत नाही. त्यामुळे आज त्यात जे शिसे सापडते ते बहुतांश युरेनियमच्या ऱ्हासातून तयार झालेले असते. त्यातही गंमत अशी की एकाच कणात दोन घड्याळे चालू असतात : युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) ४.४७ अब्ज वर्षे, युरेनियम-२३५ चे ७० कोटी वर्षे, आणि दोन्हींतून निघणारी शिशाची समस्थानिके (वेगळ्या वजनाच्या अणूंचे प्रकार) वेगवेगळी. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ दाखवली तरच ते वय भरवशाचे मानायचे. मध्येच शिसे निसटले असेल तर दोघांत तफावत पडते आणि घोटाळा उघड होतो. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे काही झिर्कॉन असे ४.४ अब्ज वर्षांचे ठरले आहेत.

पृथ्वीचे म्हणून जे वय सांगतात ते मात्र मुख्यतः अशनींवरून आले, कारण पृथ्वीचे सर्वांत जुने कवच शिल्लकच नाही. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी अॅरिझोनातल्या विवराशी सापडलेल्या लोह-अशनीतील व इतर अशनींतील शिसे मोजले, आणि १९५६ मध्ये ४.५५ अब्ज, अधिक-उणे ०.०७ अब्ज, असा निष्कर्ष मांडला. त्यांचे बरेचसे श्रम मोजण्यापेक्षा प्रयोगशाळा स्वच्छ करण्यात गेले, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले शिसे हवेतून प्रत्येक नमुन्यावर बसत होते. पुढे त्या शिशाविरुद्ध त्यांनी मोठा लढाही दिला. त्यांचा आकडा आज ४.५४ आहे. जवळपास सत्तर वर्षांत तो त्यांनीच सांगितलेल्या चुकीच्या मर्यादेबाहेर गेलेला नाही. लोणारचे म्हणाल तर ५२ हजार हे वय तापदीप्ती पद्धतीचे (नमुना तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेले) होते आणि ती पद्धत तुलनेने तरुण नमुन्यांनाच मानवते. ते विवर ज्या काळ्या कातळात आहे त्याचे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचे वय या बदलाने तसूभरही हललेले नाही.

जीवा-कोटिज्या :

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे ४३,२०,००० ही संख्या सृष्टीच्या वयाबद्दल काही सांगण्यासाठीच निर्माण झाली. ज्योतिषगणिताच्या ग्रंथांत तिचे काम वेगळे आहे. ग्रहांच्या प्रदक्षिणा अपूर्णांकाशिवाय, पूर्णांकांत मांडता याव्यात म्हणून आपल्या गणितज्ञांना प्रचंड मोठा काळ हवा होता. आर्यभटांच्या मते एका महायुगात शनीच्या १,४६,५६४ प्रदक्षिणा होतात. भागाकार करून पाहा : एका प्रदक्षिणेला सुमारे २९.४८ वर्षे. आजचे मूल्य २९.४६ आहे. कौतुक करायचे तर याचे करा. हे निरीक्षणाने आणि गणिताने मिळवलेले आहे, आणि ते चित्रसंदेशात कधीच नसते.

शिवाय ही संख्या आपल्याकडेही एकमताची नव्हती. आर्यभटांचे मन्वंतर एकाहत्तर नव्हे, बहात्तर महायुगांचे; त्यामुळे त्यांचा कल्प १००८ महायुगांचा, म्हणजे ४,३५,४५,६०,००० वर्षांचा होतो. स्मृतींना सोडून गेल्याबद्दल ब्रह्मगुप्तांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. एकोणिसाव्या शतकात स्वामी दयानंदांनी संधिकाल न धरता १,९६,०८,५२,९७६ हा आकडा दिला. आणखी सांगायचे तर ४,३२,००० ही कलियुगाच्या वर्षांची संख्या बाबिलोनचा प्राचीन इतिहासलेखक बेरोसस याच्या लेखनातही, महापुरापूर्वीच्या राजांच्या एकूण कारकिर्दीसाठी आलेली आहे. देवघेव कोणत्या दिशेने झाली यावर भांडायचे तर स्वतंत्र धागा काढावा. येथे एवढेच की हा आकडा कोणा एकाला समाधीत दिसला असे चित्र रंगवणे इतिहासाला धरून नाही.

वीरसेवा :

‘धर्म’ म्हणजे केवळ कल्प-मन्वंतरे नव्हेत, एवढीच नोंद करतो. आम्हा जैनांच्या मते विश्व अनादि आहे आणि त्याला निर्माताही नाही. उत्सर्पिणी (चढता काळ) आणि अवसर्पिणी (उतरता काळ) यांचे चक्र फिरत राहते. आमच्या शास्त्रात सृष्टीला जन्मतारीखच नसल्यामुळे या चढाओढीत आम्ही उतरूही शकत नाही.

शुक्लपक्ष :

चर्चा वाचून मी एवढे मान्य करतो की तो संदेश पुढे पाठवण्याच्या लायकीचा नाही. परंतु धागाकर्त्यांनी ‘परंपरेने मोजलेले पृथ्वीचे वय दोन अब्जांच्या आत’ असे सूचित केले आहे, तेही तितकेच घाईचे आहे. कल्पाच्या अखेरीस जो होतो तो नैमित्तिक प्रलय. त्यात त्रैलोक्य दग्ध होऊन जलमय होते, पण पृथ्वी मुळातून नाहीशी होत नाही. या कल्पाचे नावच पाहा : वराहाने पृथ्वी पाण्यातून वर काढली. जी वर काढली ती आधी होतीच ना? महाभूतांसह सारे लय पावते ते प्राकृतिक प्रलयात, ब्रह्मदेवाचे आयुष्य संपल्यावर. संकल्पात आपण ‘द्वितीये परार्धे’ म्हणतो, म्हणजे त्यांची पन्नास वर्षे उलटली आहेत. त्या हिशेबाने पृथ्वी किमान १,५५,५२० अब्ज वर्षांची ठरेल. तेव्हा गोव्याच्या वाटेवर अनमोड घाटात तीन अब्ज वर्षांहून जुना खडक आहे, झारखंडातल्या सिंहभूममध्ये त्याहून जुना आहे, असे कोणी दाखवले तर परंपरेला त्याने बाध येत नाही. दिवस, रात्र, पुन्हा दिवस, ही कालाची कल्पना आहे. तिला तराजूत घालू नये.

कातळवाट :

या धाग्यावरचा हा सर्वांत ताकदीचा मुद्दा आहे, आणि पुराणातल्या वराहकथेचा हा अर्थ मलाही पटतो. मात्र ‘तराजूत घालू नये’ म्हणत असतानाच आपण एक आकडा दिला आहे, आणि आकडा दिला की तो तपासता येतो. पृथ्वी जर १,५५,५२० अब्ज वर्षे तशीच असती, तर तेवढ्या काळात युरेनियम-२३८ ची सुमारे ३५ हजार अर्धायुष्ये उलटली असती. दर अर्धायुष्यात निम्मे उरते. केवळ २०० वेळा निम्मे करत गेलात तरी पृथ्वीएवढ्या युरेनियमच्या गोळ्यातला एक अणूसुद्धा शिल्लक राहू नये. झारखंडात जादूगोडाच्या खाणीतून आपण हे खनिज आजही काढतो आहोत.

शुक्लपक्ष :

यात आपण असे धरले आहे की ऱ्हासाचा वेग प्रत्येक कल्पात आजच्यासारखाच होता. नव्या सृष्टीत द्रव्ये नव्याने प्रकट होतात, असे शास्त्र म्हणते.

कातळवाट :

द्रव्ये नव्याने प्रकट झाली असतील तर घड्याळ तेथून सुरू होते, आणि मग त्या घड्याळात १.९७ अब्ज दिसायला हवेत, दिसतात ४.५४. ऱ्हासाच्या वेगाबद्दल म्हणाल तर त्याची साक्ष आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये मिळते. तेथे ओक्लो येथील युरेनियमच्या साठ्यात सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या गणनेप्रमाणे साधारण श्वेतवाराहकल्पाच्या आरंभाच्या सुमारास, निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. १९७२ मध्ये तिचा उलगडा झाला. आज नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ चे प्रमाण ०.७२ टक्के आहे आणि एवढ्यावर, साध्या पाण्याच्या साथीने, अशी भट्टी पेटत नाही. आजच्याच अर्धायुष्यांनी मागे मोजत गेले तर त्या काळी ते सुमारे साडेतीन टक्के निघते, जेवढे साध्या पाण्यावर चालणाऱ्या आजच्या अणुभट्ट्यांच्या इंधनात मुद्दाम वाढवून ठेवावे लागते. भट्टीत उरलेल्या मूलद्रव्यांची प्रमाणेही त्या वेळचे नियम आजच्यासारखेच असल्याचे दाखवतात.

शुक्लपक्ष :

ओक्लोबद्दल वाचून सांगतो. संकल्पाचे शब्द मात्र मी होते तसेच म्हणणार आहे, कारण त्यात मी पृथ्वीचे वय सांगत नसून अनंत काळात मी कोठे बसलो आहे एवढेच सांगत असतो.

कातळवाट :

त्यावर माझा आक्षेप कधीच नव्हता. मीही तेच म्हणतो. आक्षेप आहे तो त्यातला आकडा उचलून प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी लावण्याला.