घोडा सोपवण्याआधी

म्हातारा घोडा प्राणीसंस्थेच्या हवाली करणं म्हणजे हात झटकणं, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. मला हे अजिबात पटत नाही. नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षं जगतो. तेवढ्या काळात माणसाची तब्येत, नोकरी, पैसा, काहीही बदलू शकतं. खुरं वाढून वाकडी होईपर्यंत दारात बांधून ठेवण्यापेक्षा वेळेत सोपवलेला कितीतरी बरा.

मात्र आधी स्वतः जाऊन बघा. थेट पागेत शिरा आणि तिथल्या घोड्यांचे पाय बघा. नालबंद (खुरं तासून नाल ठोकणारा) ६ ते ८ आठवड्यांनी येत असेल, तर खुरांवरून कळतंच. सही केली की सहसा मालकी जाते, म्हणून पुढे घोडा कुणाला दत्तक देणार, कामाला जुंपणार का, हे लेखी घ्या.

आणि कृपा करून खोडी लपवू नका! मागून गेलं की लाथ मारतो, एका डोळ्याने कमी दिसतं, हे न सांगितल्यास तिथल्या माणसाला इजा होते आणि बिचारा घोडा बदनाम होतो.

लसीकरणाच्या कागदांसोबत नेहमीची वैरण आणि चंदीही (दाण्याचा खुराक) द्याच. खाणं एकदम बदललं तर पोटशूळ उठू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे हे जिवावर बेतू शकतं. ७ ते १० दिवस जुन्यात नवं मिसळत न्यायला सांगा. जोडीदार घोडा असेल तर दोघांना एकत्र ठेवतील का, तेही विचारा.