ॲल्गॉनक्विनमध्ये शरद ऋतूत कनूने मुक्कामी जायचे आहे: तयारी कशी करावी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही सहा मित्रमैत्रिणी टोरांटोहून ॲल्गॉनक्विन उद्यानात कनूने, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद नावेने, जाऊन तीन रात्री तंबूत राहण्याचा बेत करत आहोत. मेपलची पाने लाल होतात तो काळ, म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा किंवा ऑक्टोबरची सुरुवात, साधायचा आहे आणि निघायचे ठिकाण कनू लेक ठरले आहे. आमच्यापैकी चौघांनी जुलैत दोन-तीन वेळा वल्हवले आहे, दोघांना पोहता येत नाही आणि तिघे शाकाहारी आहेत. रात्री तापमान शून्याजवळ जाते असे कळल्यापासून आम्ही जाड जॅकेटे आणि उबदार स्लीपिंग बॅगा शोधत आहोत. रोज किती अंतर कापावे आणि खाण्याचे काय करावे, हे अनुभवी लोकांनी सविस्तर सांगितल्यास फार मदत होईल.

वल्हेकरी:
जॅकेटे अवश्य घ्या, पण तयारीची सुरुवात तिथून करू नका. हवेतल्या थंडीवर अंगात आणखी एक कपडा चढवता येतो. पाण्यातल्या थंडीवर मात्र तसा उपाय नसतो, आणि शरद ऋतूत काळजी करायची ती पाण्याचीच. कॅनडात ‘एक-दहा-एक’ असा नियम शिकवतात: थंड पाण्यात पडल्यावर पहिले १ मिनिट धाप आवरण्यात जाते, पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. तो तास पदरात पडतो तो लाइफ जॅकेट अंगात असलेल्यालाच, कारण हात चालेनासे झाले की पट्टीचा पोहणाराही बुडतो. म्हणून पोहता येणाऱ्या चौघांनीही किनारा सोडल्यापासून परत टेकेपर्यंत ते अंगातून काढू नये. प्रत्येकी एक लाइफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसण्याचे भांडे आणि १५ मीटरची तरंगणारी दोरी नावेत असणे कायद्यानेच आवश्यक आहे.

आमच्या एका ऑक्टोबरमधल्या सहलीत, उतरताना शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरून माझा मित्र मांडीपर्यंत पाण्यात गेला होता. आम्ही त्याला लगेच बाहेर काढले, तरी कोरड्या कपड्यांच्या पिशवीचे बक्कल त्याला स्वतःच्या बोटांनी उघडता येईना. ते मी उघडले. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाचा लोकरीचा एक जोड दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून सामानात सर्वांत वर ठेवतो. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा. भिजल्यावर ते वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात.

अंतराबद्दल सांगायचे, तर कनू लेकवरून उत्तरेला जो लेकपर्यंत जा. मध्ये २९५ मीटरचे एकच पोर्टाज आहे, म्हणजे नाव खांद्यावर घेऊन चालायची वाट. पोर्टाजच्या पाट्या पिवळ्या असतात, मुक्कामाच्या जागांच्या नारिंगी. तिन्ही रात्री जो लेकवर किंवा पुढच्या टीपी लेकवर एकाच जागी तळ ठोका आणि मधले दोन दिवस रिकाम्या नावेने लिटल जोसारख्या जवळच्या तळ्यांवर हिंडा. रोज तळ हलवण्याचा बेत या दिवसांत नवख्यांना झेपत नाही, कारण सातच्या सुमारास सूर्य मावळतो. कनू लेक उत्तर-दक्षिण पसरलेले असल्याने दुपारी वारा सुटला की लाटा थेट अंगावर येतात; सकाळी लवकर निघा आणि काठ धरून जा.

रानवाट:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. त्यात भर एवढीच की परवाना तळ्याचा मिळतो, जागेचा नाही. आधी पोहोचेल त्याला हवी ती जागा मिळते. लवकर निघण्याला हेही एक कारण आहे. एका जागी नऊ जणांपर्यंत राहता येते, त्यामुळे तुमची अडचण नाही.

आता खाण्याविषयी, जे माझे आवडते काम आहे. आतल्या भागात पत्र्याचे डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या नेण्यास मनाई आहे, म्हणून लोणचे आणि तूप प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. आपल्या स्वयंपाकघरातले कोरडे पदार्थ इथे फार उपयोगी पडतात. हिंग, मोहरी, कढीपत्त्याची फोडणी घालून खमंग भाजलेला रवा घरूनच न्यावा. उकळत्या पाण्यात टाकला की दहा मिनिटांत उपमा तयार होतो, आणि गारठलेल्या सकाळी ते दहा मिनिटांचे गणित महत्त्वाचे ठरते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, मूगडाळीची खिचडी आणि गूळ यांवर सहा जणांचे तीन दिवस सहज निघतात. पहिल्या रात्रीसाठी आमटी घरी गोठवून न्या. सुका जवळा मात्र नेऊ नका.

हे वासाचे पदार्थ अस्वलांनाही कळतात. खाण्याची सगळी पिशवी, टूथपेस्ट आणि खिशातली बडीशेपसुद्धा, तंबूपासून दूर, जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगावी. फांदी उजेडातच शोधा. अंधारात दोरी फेकत बसण्याची वेळ माझ्यावर आली होती आणि दगड बांधलेले टोक तीनदा परत अंगावर आले. हा काळ मूसच्या, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाच्या, माजाचाही असतो; काठावर नर दिसला तर फोटोसाठी नाव जवळ नेऊ नका.

गोदाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. रोज नवे तळे गाठण्याचा आमचा बेत आम्ही रद्द केला आहे. एकच शंका उरते: परतीच्या सकाळी वारा असेल तर काय करावे? सोमवारी सर्वांना कामावर हजर व्हायचे आहे.

वल्हेकरी:
थांबावे. एक दिवसाचा शिधा जास्तीचा न्या, शनिवारी परतायचे ठरवा म्हणजे रविवार हाताशी राहील, आणि घरी ज्यांना मार्ग कळवाल त्यांना हा राखीव दिवसही आधीच सांगून ठेवा. निघण्यापूर्वी एका दुपारी सहाही जणांनी सामान भरलेल्या नावेत बसून, जड पिशव्या तळाशी मधोमध ठेवून, घराजवळच्या तळ्यात तासभर वल्हवून पाहा. पोहता न येणाऱ्या दोघांना वेगवेगळ्या नावांत बसवा.