मदत हवी आहे : ले-ऑफचा (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवल्याचा) अर्धा पगार कसा मागायचा?

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत सहा वर्षं मोल्डिंगला आहेत. ऑर्डर नाही म्हणून सोमवारी गेटवर कागद चिकटवला, 'पुढील सूचनेपर्यंत काम बंद'. ना तारीख, ना सही. मी फोटो काढून ठेवलाय.

वर्षभरात 240 दिवस भरले असतील आणि कारखान्यात 50 किंवा जास्त कामगार असतील, तर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते, एवढं मला माहीत आहे. त्यासाठी रोज गेटवर हजेरी द्यावी लागते. हे रोज सकाळी डबा घेऊन जातात, पण वॉचमन मस्टरच पुढे करत नाही. मग हजेरीचा पुरावा काय ठेवायचा?

दुसरं म्हणजे, पहिली चार वर्षं ते ठेकेदाराकडे होते, कंपनीच्या मस्टरवर येऊन दोनच वर्षं झाली. भरपाईला त्याने अडचण येते का? ऑफिसवाले म्हणतात, राजीनामा द्या, पीएफ लगेच काढून देतो. मी सही करू दिलेली नाही, मला त्यात धोका वाटतो.

सांगलीच्या कामगार आयुक्त कार्यालयात कुणी असा अर्ज केलाय का? सोबत काय काय जोडलं, कृपया सांगा. पोरीची फी दहा तारखेला भरायची आहे.