मदत हवी आहे : खुनाच्या गुन्ह्यात ‘अ’ समरी गेली आहे, कुटुंबाने नुकसानभरपाईचा अर्ज कसा करावा?

नमस्कार मंडळी,

2023 च्या डिसेंबरात पहाटे भाजी घेऊन बाजाराला निघालेल्या माझ्या मामांना रस्त्यात अडवून, मारहाण करून लुटण्यात आले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. ज्या शेजारच्या गाळेवाल्याला ते प्रथम रस्त्याकडेला पडलेले दिसले, त्याच्या फिर्यादीवरून खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. पुढे तपासात काहीच हाती न लागल्याने पोलिसांनी न्यायालयाकडे ‘अ’ समरी पाठवली, म्हणजे गुन्हा खरा आहे परंतु आरोपी निष्पन्न होत नाही, असा अहवाल दिला. मामींना हे त्या गाळेवाल्याकडून कळले, कारण कागदोपत्री फिर्यादी तोच आहे आणि सूचनाही त्यालाच आली.

मामींच्या पदरी दोन शाळकरी मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. भरपाईची चौकशी करायला त्या गेल्या, तेव्हा ‘आरोपी सापडून खटला चालल्याशिवाय काही मिळत नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. मला हे पटत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 357अ च्या पोटकलम 4 मध्ये, आरोपीचा शोध लागला नसेल आणि खटलाच चालला नसेल, तरी पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असणारे राज्य वा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज करू शकतात, अशी स्पष्ट तरतूद आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम 396 मध्ये आली आहे. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराची गरज आरोपीच्या अटकेवर अवलंबून नसते, आणि कायद्यानेही ती तशी ठेवलेली नाही, असे माझे ठाम मत आहे.

तरीही प्रत्यक्षात अर्ज लिहायला बसल्यावर अडचणी येत आहेत. समरी न्यायालयाने मंजूर केली आहे की नाही, हे मामी फिर्यादी नसताना कसे कळून घ्यावे? वारस दाखला मिळायला वेळ लागणार आहे. तो हातात येईपर्यंत अर्ज थांबवावा का? सर्वांत अवघड प्रश्न उत्पन्नाचा आहे. मामांचे ना आयकर विवरणपत्र होते, ना पगारपत्रक. त्यांची एक लांबट वही मात्र आहे, जिच्यात रोजची खरेदी, हमाली आणि उधारी पेन्सिलीने लिहिलेली आहे. शेवटच्या पानावर त्याच पहाटेच्या मेथीच्या जुड्या आणि कोथिंबिरीचा भाव आहे. ही वही पुरावा म्हणून जोडता येईल का? शिवाय मनोधैर्य योजनेतून अर्ज करा, असेही एकाने सुचवले आहे. ते बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :

नमस्कार. तुमच्या मामींवर ओढवलेला प्रसंग वाचून फार वाईट वाटले. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यामुळे माहीत आहे तेवढे लिहिते.

तुमचे कायद्याचे वाचन बरोबर आहे. मनोधैर्य योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांतील पीडितांसाठी आहे, त्यामुळे तिचा येथे उपयोग नाही. मामींचा अर्ज राज्याच्या पीडित नुकसानभरपाई योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाईल. घटनेला बराच काळ लोटला आहे, म्हणून उशीर का झाला आणि त्यांना कसे परत पाठवले गेले, हे वेगळ्या विलंबमाफीच्या अर्जात सविस्तर लिहा.

समरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सांगितले आहे की, न्यायदंडाधिकारी अहवाल स्वीकारून प्रकरण बंद करणार असतील, तर फिर्यादीला नोटीस द्यावी लागते. मृताच्या नातेवाइकांना अशा नोटिशीचा हक्क नसला, तरी ते स्वतः हजर होऊन आपले म्हणणे मांडू शकतात. मामींनी गुन्हा क्रमांक देऊन त्या न्यायालयात नकलेचा अर्ज करावा. समरीची आणि तिच्यावरील आदेशाची नक्कल मिळाली की, आरोपी सापडलेला नाही हे वेगळे सिद्ध करत बसावे लागत नाही.

वारस दाखल्यासाठी थांबू नका. शिधापत्रिका, मृत्यूचा दाखला, विवाहाचा किंवा मुलांच्या जन्माचा पुरावा जोडून अर्ज दाखल करा आणि दाखला मागाहून देत असल्याचे त्यातच लिहा. वही अवश्य जोडा, परंतु मूळ वही देऊ नका; छायाप्रती द्या आणि चौकशीच्या वेळी मूळ दाखवा. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि ज्यांच्याकडून मामा माल घेत, त्या अडत्याचे प्रतिज्ञापत्र असेल, तर वहीतल्या नोंदींना आधार मिळेल. मुलांच्या शाळेचा आणि सासूबाईंच्या औषधांचा खर्च आत्ताच अडला असेल, तर अंतरिम मदतीची मागणीही त्याच अर्जात करा.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा मामींनी खासगी वकिलावर खर्च करण्याची गरज नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मात्र घ्याच, कारण चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधन अर्ज पोहोचल्यापासून मोजले जाते.