ट्रान्सफॉर्मर बिनलोडचाच तापतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. छोट्या ॲम्प्लिफायरसाठी १२-०-१२ (मधल्या टोकापासून दोन्हीकडे १२ व्होल्ट), २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणलाय. सेकंडरीला (आउटपुटच्या वाइंडिंगला) काहीच जोडलेलं नाही, तरी तासाभरात कोअरवर (आतल्या लोखंडी गाभ्यावर) हात ठेववत नाही. प्रायमरीचा (मेन्सला जोडायच्या वाइंडिंगचा) रेझिस्टन्स गार असताना ३० ओहम, तापल्यावर ३६. तापल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्या हिशेबाने वाइंडिंगचं तापमान ५० अंशांनी चढलंय, तेही बिनलोड!

आमच्याकडे रात्री व्होल्टेज २५० च्या पुढे जातं आणि तेव्हा गुणगुणही वाढते. प्रायमरीला वेढे कमी घातल्यामुळे कोअर सॅच्युरेट होतोय (त्याची चुंबकत्वाची मर्यादा गाठली जातेय), असा माझा संशय आहे. पण आतले एक-दोन वेढे शॉर्ट असतील तर? दोन्हींतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा? व्हेरिॲक (एसी व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) नाही, मल्टिमीटर आणि सिरीज बल्ब (करंट मर्यादित ठेवायला लाइनमध्ये जोडायचा बल्ब) आहे.

शिवाय एसीचा डीसी करायला ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर) आणि कपॅसिटर लावल्यावर सेकंडरीचा आरएमएस (वाइंडिंग तापवण्याच्या हिशेबाने परिणामी) करंट डीसीच्या दीडपटीहून जास्त होतो. म्हणजे यातून डीसी १.२ अँपिअरच धरावा ना?

सेट बंद लाकडी पेटीत बसणार आहे आणि घरात वयस्कर माणसं आहेत, त्यामुळे अजिबात धोका पत्करायचा नाही. प्रायमरीत थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानाला सप्लाय तोडणारा) घालायचा तर किती अंशांचा, आणि वाइंडिंगला नेमका कुठे टेकवायचा? ज्यांनी स्वतः वाइंडिंग केलंय त्यांनी जरूर सांगा.