अनुभव धागा: बायोडेटातली एक ओळ आणि तिच्यामागचं काम (बडोदा)

रावपुरेकर

मंडळी, बडोद्याच्या फाइन आर्ट्सचं नाव निघालं की गप्पा ठरलेल्या. १८९०चं कलाभवन, तिथे शिकलेले दादासाहेब फाळके, १९५०मध्ये विद्यापीठात सुरू झालेली फॅकल्टी, मूळचे इंदूरचे चित्रकार बेंद्रे, मग सुब्रमण्यन, मग ज्योती भट्टांची २०१९ची पद्मश्री. हे सगळं कौतुकाचं आहेच, पण पुष्पबागेतून (फॅकल्टीच्या आवारातून) यंदा बाहेर पडणाऱ्या पोरांना त्यावर घरभाडं भरता येत नाही.

बायोडेटात एकेक ओळ असते. 'अमुक संग्रहात प्रिंट', 'तमुक चौकात पुतळा', 'फॉन्ट प्रकाशित'. ती ओळ पडण्याआधी टेबलाशी, भट्टीपाशी, टेंपोत काय काय व्हावं लागतं ते लिहा. मापं, वजनं, क्रम, आणि कुठे फसतं ते. आत्मचरित्र नको. 'आमच्या वेळी' अशी सुरुवात दिसली तर प्रतिसाद उडवला जाईल.

शाईचे हात

एचिंगच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा खोदून काढलेल्या छापांच्या, एडिशनपासून सुरू करतो. ३०ची एडिशन म्हणजे ३० सारखे छाप. पहिला छाप सुंदर येणं ही फार मोठी गोष्ट नाही. अठरावा त्याच्यासारखा आला तर मानलं.

जस्ताच्या पत्र्याच्या चारही कडा कानशीने ४५ अंशांत उतरवा आणि गुळगुळीत करा. कड तशीच राहिली तर दाबाखाली कागद चिरतो. कागदाचं एक वेळ सोडा, प्रेसचा फेल्ट (कागदावर अंथरायचं जाड लोकरी कापड) चिरतो आणि तो बदलायचा म्हणजे खिसा रिकामा. जस्ताला नायट्रिक ॲसिड, ८ ते १० भाग पाण्यात १ भाग. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. रेषांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हळूहळू हलवत राहायचं, कारण बुडबुड्याखाली ॲसिड पोचत नाही आणि रेषा तुटक खोदली जाते. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा जानेवारीतली मिनिटं धरून चालू नका. गरम ॲसिड भराभर खातं. त्याच पत्र्याचा एक तुकडा आधी बुडवून चाचणीची पट्टी काढा.

तांब्याला फेरिक क्लोराइड. तिथे नायट्रिकसारखी वाफ नाकात जात नाही, पण गाळ रेषेत बसतो. म्हणून पत्रा उपडा ठेवायचा, चार कोपऱ्यांना खालून टेकू देऊन. जस्ताचा ट्रे आणि तांब्याचा ट्रे वेगळाच हवा.

कागद कापसाच्या लगद्याचा, २५० ते ३०० जीएसएम. आदल्या रात्री भिजवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वर वजन ठेवा. सकाळी पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसता कामा नये. गालाला लावला तर गार लागावा, ओला लागू नये. पावसाळ्यात तो गठ्ठा तसाच तीन-चार दिवस विसरलात तर ठिपके धरतात, बुरशीचे. असा कागद सरळ फेका.

सही पेन्सिलनेच, छापाच्या खाली. डावीकडे १२/३०, मधे शीर्षक, उजवीकडे नाव आणि वर्ष. आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराने स्वतःकडे ठेवायचे छाप) वेगळे, रूढीने एडिशनच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इथे ३. एडिशन पुरी झाली की पत्र्यावर आडवी रेघ खोदून एक 'रद्द' छाप काढून ठेवा. आणि वही! कुठला नंबर कोणाकडे, कधी, कितीला. १२/३० दोघांकडे निघाला तर उरलेल्या २९ छापांवरचाही विश्वास जातो.

मांडवीकर

उन्हाळ्यात शाई फार सैल होते, पुसताना खोबणीतूनही निघून जाते. त्याला काय?

शाईचे हात

चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घोटा, घट्ट होते. जास्त पडलं तर काळ्याचा जोर जातो, म्हणून चिमूटच. आणि पुसायचं कापड खसाखसा दाबू नका.

तांबं-कथील

ब्राँझचा पुतळा. या ओळीला लोक सर्वांत जास्त भुलतात आणि हिशेबात सर्वांत जास्त मार हिच्यातच खातात.

क्रम असा: मातीचं मॉडेल, त्यावर रबराचा किंवा प्लास्टरचा साचा, साच्यात ४ ते ५ मिलिमीटर जाडीचं मेण, आत कोअर (पोकळी भरणारा गाभा), मेणाला रनर (धातू आत नेणाऱ्या नळ्या) आणि रायजर (हवा बाहेर सोडणाऱ्या नळ्या) जोडणं, बाहेरून प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचं आवरण, मग मेण वितळवून भट्टीत भाजणं, मग ओतकाम, मग चेझिंग (धातूवरची घासाई-कोराई), शेवटी पॅटिना (रसायनाने पृष्ठभागाला दिलेला रंग). यात कुठेच घाई चालत नाही, पण भाजण्यात तर नाहीच नाही. आवरणात ओल राहिली तर ११०० अंशांच्या वर तापलेला धातू पडताच वाफ होते. नशीब बरं असलं तर फक्त छिद्रं, नाहीतर धातू उसळून अंगावर. कोअर आत हलू नये म्हणून त्याला खिळे मारतात, ते आधी मोजून ठेवा आणि नंतर सगळे बाहेर काढून भोकं बुजवा. लोखंडी खिळा आत राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ओघळ दिसतो.

जाडी कमीजास्त झाली की काय होतं? पातळ जागी धातू पोचण्याआधीच थिजतो, जाड जागी उशिरा थंड होऊन आत ओढला जातो. म्हणून साचा उघडल्यावर मेणाची जाडी दिव्यासमोर धरून बघा. कान, बोटं, उपरण्याची कड. उजेड जिथून जास्त येतो तिथे मेण पातळ आहे.

आता दर. मेणाचं वजन गुणिले ९, असं ब्राँझ धरा. अर्धपुतळ्याचं मेण ३.२ किलो भरलं तर कास्टिंग २९ किलोच्या आसपास जाईल. पण ओतायला धातू तेवढाच लागत नाही. रनर, रायजर, ओतायचा पेला धरून तिसरा हिस्सा तरी जादा वितळवावा लागतो. तो परत मिळतो, मात्र वितळवायचं इंधन आणि मजुरी लागलेलीच असते. नवे लोक नेमकं हेच कोटेशनमध्ये विसरतात. धातू थंड होताना दीड ते दोन टक्के आखडतो, म्हणजे १८० सेंटिमीटरची आकृती तीन सेंटिमीटरने बुटकी होते. करारात उंची तयार पुतळ्याची लिहिली आहे की मातीच्या मॉडेलची, ते पाहा.

पूर्णाकृती असेल तर पायांतून स्टेनलेसचा सांगाडा चौथऱ्यात उतरवा, साधं लोखंड नको. ब्राँझला लागून लोखंड आणि मधे ओल, की लोखंड गंजतं, फुगतं आणि घोटा तडकतो. तळाला पाणी निघायला भोक ठेवा. सयाजीबागेपाशी जाल तेव्हा काळ्या घोड्याच्या (सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या) पायांकडे निवांत बघा आणि एवढं वजन कुठून कसं खाली जात असेल ते कागदावर काढून पाहा. बराच अभ्यास होतो.

पुतळा महाराष्ट्रात बसणार असेल तर मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. आणि मान्यता कुणाचीही असो, मॉडेलचे चारही बाजूंचे फोटो काढून त्यावर समितीच्या सह्या घ्या. ओतकाम झाल्यावर 'साहेबांचे डोळे जरा मोठे करा' म्हणणारा एक सभ्य गृहस्थ प्रत्येक समितीत असतोच.

कलमवार

वरच्याला जोडून, कारण सह्यांचा विषय निघाला. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. पैसे देऊन करून घेतलेलं चित्र, पोर्ट्रेट किंवा छायाचित्र असेल आणि उलट काही लिहिलेलं नसेल, तर पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. म्हणून 'उलट काही' लिहून घ्या. हक्क दिले पण मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मुखपृष्ठाचं, पोस्टरचं काम करणाऱ्यांनी हे दोन आकडे पाठ करावेत.

कलाकृती विकली तरी निर्मात्याचे विशेष हक्क (काम आपलं म्हणवण्याचा, ते विद्रूप होऊ न देण्याचा) कलम ५७ खाली राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प काढून टाकलं गेलं होतं. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये उरलेले अवशेष परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आणि कलम ५३अ: मूळ चित्र किंवा शिल्प १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर कलाकाराला हिस्सा, जास्तीत जास्त १० टक्के. आपलं चित्र पुन्हा विकलं गेलं हे कळलंच नाही तर मागणार कसं? म्हणून शाईचे हात म्हणतात ती वही.

कानामात्रा

अक्षररचनेबद्दल. बडोद्यातल्या अप्लाइड आर्टवाल्यांना एक फायदा आहे: दुकानाच्या पाट्यांवर गुजराती, देवनागरी आणि रोमन रोज शेजारी शेजारी दिसतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे अक्षरांमधलं अंतर डोळ्याने जुळवावं लागतं. देवनागरीत शिरोरेषा एकाला एक मिळायलाच हवी. प्रत्येक अक्षराची रेषा शेजारच्यात थोडी घुसवा, नाहीतर मोठ्या आकारात बारीक फटी दिसतात.

'देवनागरी झाली' म्हणजे मराठी झाली असं नव्हे. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवून भाषा मराठी निवडल्यावर आपलं वळण यावं अशी सोय करायची असते. ॲ वेगळं अक्षर म्हणून हवं. 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे दिसले पाहिजेत. 'ऱ्हास' आणि 'ह्रस्व' यांत र उलटसुलट जागी आहे, तिथे बरेच फॉन्ट गचकतात. 'परिस्थिती'तल्या 'स्थि'च्या पहिल्या (ऱ्हस्व) वेलांटीची कमान पूर्ण जोडाक्षरावरून जायला हवी, अर्ध्यात टेकली की बोळकं दिसतं. त्यासाठी वेलांटीच्या निरनिराळ्या रुंदी काढाव्या लागतात. 'सर्वांना'मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात का बघा. एवढे सहा-सात शब्द छापून भिंतीवर लावा आणि दहा फुटांवरून वाचा. पोर्टफोलिओतही हेच पान आधी ठेवा, गुळगुळीत पोस्टर नंतर.

दोन दिवे

चित्रांचे फोटो. निवड समिती चित्र बघत नाही, फोटो बघते. दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, चित्रापासून सारख्या अंतरावर. कॅमेरा चित्राच्या मध्यबिंदूसमोर, स्टँडवर, आयएसओ १००, एफ/८. पहिला फोटो करड्या कार्डासह, रंग त्यावरून जुळवायचे. खोलीची ट्यूबलाइट बंद करा आणि खिडकी झाका, नाहीतर अर्धं चित्र निळसर, अर्धं पिवळं. पडद्यासाठी एसआरजीबी रंगपद्धतीतली फाइल, छपाईसाठी मोठी टिफ फाइल वेगळी. तैलरंगाची चमक पडली तर दिवे जरा बाजूला सरकवा, चित्र तिरकं करू नका, चौकोनाचा पतंग होतो.

खोकेवाला

चित्र परगावी जायचं असेल तर आधी वजनाचं नाही, घनफळाचं गणित. कुरिअर लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५०००ने भागतं. १५० × १२० × १५चं खोकं ५४ किलोचं धरलं जातं, आत चित्र सहा किलोचं का असेना. तेच कॅनव्हास नळीवर गुंडाळून १३५ × २५ × २५ केलं तर १७ किलोच्या आत.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली की रंग दाबला जाऊन सुरकुततो. नळी जाड घ्या, सहा-आठ इंच व्यासाची. रंगाला बबल रॅप थेट लावू नका, गोल ठसे उमटतात आणि जात नाहीत. ॲक्रिलिक तर उन्हाळ्यात मऊ होऊन कागदालाच चिकटतं, म्हणून मधे सिलिकॉनचा कागद, आणि मे महिन्यात दुपारचा टेंपो टाळा. परदेशी खोकं साध्या लाकडाचं असेल तर उष्णता दिल्याचा शिक्का हवा: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं. प्लायवूडला ती अट नाही.

नोंदवही

म्युझिऑलॉजीवाल्यांकडून (संग्रहालयशास्त्रवाल्यांकडून) दोनच गोष्टी. चित्र उधार देताना अवस्थापत्रक स्वतः भरा: कुठला कोपरा दबलेला, कुठे रंग उचललेला, फोटोसह, आणि चित्र परत आल्यावर त्याच कागदाशी ताडून पाहा. १०० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर जात नाही, १९७२चा कायदा आहे. नंदलाल बोस आणि रविवर्मा यांच्या कामांना तर वयाचाही प्रश्न नाही, ती राष्ट्रीय कलानिधी आहेत. घरात आजोबांनी घेतलेलं काही सापडलं तर आधी हे तपासा.

पोळो ग्राउंड

शिष्यवृत्तीबद्दल कोणी लिहिलं नाही?

नोंदवही

संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती वय १८ ते २५साठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. पुढे २५ ते ४० वयाला कनिष्ठ फेलोशिप महिना १०,००० आणि चाळिशीनंतर वरिष्ठ २०,०००. फेलोशिपचे पैसे महिन्याला येत नाहीत, सहामाही चार हप्त्यांत येतात. त्यामुळे भाडं त्या हिशेबाने बाजूला ठेवायचं.

मांडवीकर

तांबं-कथील, एक राहिलं. मेणाचं वजन गुणिले ९ म्हणालात, ते कोअर भरण्याआधीचं की नंतरचं?

तांबं-कथील

आधीचं, नुसत्या मेणाचं. रनरसुद्धा जोडायच्या आधी तराजूवर ठेवा आणि आकडा मेणावरच खिळ्याने कोरून ठेवा. कागदावर लिहिलेला हरवतो.